तान्ह्या बाळाला घेऊन कॉन्सर्टला जायचंय? आधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा

बाळ झालं की अर्धे लोक सांगतात आता विसरा ते कॉन्सर्ट वगैरे, आणि उरलेले अर्धे सांगतात काही होत नाही हो, कानाला ते मोठे हेडफोन लावायचे आणि घेऊन जायचं, झोपतं ते मस्त. दोघांचंही ऐकू नका. माझी लेक सात महिन्यांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा नेलं, त्यानंतर पाच-सहा वेळा नेलंय, त्यातून दोनदा अर्ध्यावर परत आलो आणि एकदा तर गेटच्या आत जाऊन दहा मिनिटांत बाहेर, आणि खरं सांगू का, ते दहा मिनिटवालं पण मी वाया गेलं असं धरत नाही. कारण बाळ बरोबर असेल तर तुम्ही अख्ख्या कॉन्सर्टचं तिकीट काढलेलंच नसतं, तुम्ही 'जमेल तेवढं' याचं तिकीट काढलेलं असतं. हे नवरा-बायकोत घरूनच ठरवून निघा, की दोघांपैकी कोणीही "चला" म्हणालं की दुसऱ्याने "हे एक गाणं होऊ दे ना" म्हणायचं नाही. आमची पहिल्या वेळची सगळी भांडणं त्या एका गाण्यापायीच झाली.

कितव्या महिन्यात

पहिले तीन महिने नाहीच. आवाज बाजूला ठेवा, त्या वयात ३८ अंश सेल्सिअस ताप आला तरी थेट डॉक्टर गाठावा लागतो, लसी अजून चालू असतात, आणि हजारभर माणसं खोकत-शिंकत असलेल्या जागी बाळाला न्यायची घाई कशाला. त्यानंतर बघायचं ते मान. बाळाने मान नीट धरलेली हवी, कारण आपण त्याच्या डोक्यावर इअरमफचं, म्हणजे कानांवरच्या त्या आवाज अडवणाऱ्या कपांचं, वजन चढवणार आहोत आणि ते छातीशी बांधायच्या कॅरिअरमध्ये तासभर बसणार आहे.

माझ्या मते पाच ते दहा महिने हा सगळ्यात सोपा काळ. लोकांना वाटतं मोठं झालं की सोपं जाईल, पण उलटं आहे, चालायला लागलेलं पोर कडेवर राहत नाही, त्याला खाली उतरायचं असतं, जमिनीवर पडलेलं काहीतरी तोंडात घालायचं असतं आणि डोक्यावरचे इअरमफ उपटून फेकायचे असतात. चौदाव्या महिन्यात आम्ही गाणी किती ऐकली तर शून्य, नुसते तिच्यामागे पळत होतो.

कुठला कॉन्सर्ट

इथे एक गंमत आहे. शांत कार्यक्रमात, म्हणजे अकूस्टिक गिटार, शास्त्रीय गायन, पियानो, तिथे आवाज बाळाला झेपतो पण बाळाचा आवाज लोकांना झेपत नाही, एक हुंकार काढला तरी चार डोकी मागे वळतात. आणि रॉक किंवा ईडीएममध्ये, म्हणजे डीजेच्या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात, तुमचं बाळ भोकाड पसरून रडलं तरी शेजारच्याला कळत नाही, पण तिथलाच आवाज बाळाला सगळ्यात वाईट. म्हणजे जिथे आपण निवांत असतो तिथे बाळ नसतं. मधला मार्ग म्हणजे मोकळ्या मैदानावरचा, दिवसाउजेडी होणारा, ज्यात मागे बसायला भरपूर जागा आहे असा कार्यक्रम. काही ऑर्केस्ट्रा आणि हॉल खास लहान मुलांसाठी दुपारचे छोटे कार्यक्रम ठेवतात, तिथे रडण्याला कोणी काही म्हणत नाही, पहिल्यांदा नेताना ते मिळालं तर डोळे मिटून घ्या.

तिकीट काढायच्या आधी आयोजकांना मेल टाका किंवा फोन करा आणि चार गोष्टी विचारा. किती वयाखालच्यांना प्रवेश नाही, तान्ह्याला वेगळं तिकीट लागतं का, दुधाची बाटली सिक्युरिटीतून आत जाते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदा बाहेर पडलं की परत आत घेतात का. बऱ्याच ठिकाणी री-एन्ट्री नसते आणि हे गेटवर कळलं तर तुमची सगळी प्लॅनिंग तिथेच कोसळते, कारण आपल्याला तर दर अर्ध्या तासाने बाहेर यायचंय. उत्तर लेखी मिळालं तर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, गेटवरच्या माणसाला ते दाखवता येतं.

आवाजाचं गणित, हे जरा नीट वाचा

डेसिबलचा हिशोब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नसतो. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे तेवढंच नुकसान व्हायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइल-हेडफोनवर ऐकण्यासाठी जी मर्यादा सांगितलीय ती मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि लहान मुलांना ४० तास ७५ डेसिबल. तान्ह्यांसाठी म्हणून ती बनवलेली नाही, पण हाताशी धरायला एक आकडा मिळतो. आता हाच मुलांचा कोटा पुढे मोजत जा. ८४ डेसिबलला ४० तासांचे ५ तास होतात. ९० ला सव्वा तास. ९६ ला जेमतेम १९ मिनिटं, आणि हा अख्ख्या आठवड्याचा कोटा आहे बरं का, एका संध्याकाळचा नाही. संघटनेने २०२२ मध्ये कॉन्सर्टच्या जागांसाठी जे नियम सुचवले त्यात मोठ्यांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय, यावरून अंदाज घ्या की नियम पाळणारा कॉन्सर्टसुद्धा किती मोठ्या आवाजाचा असू शकतो.

त्यात बाळाचा कान म्हणजे आपल्या कानाची छोटी आवृत्ती नाही. कानाची नळी आखूड आणि अरुंद असते, त्यामुळे काही वरच्या पट्टीचे आवाज पडद्यापर्यंत पोचताना आपल्यापेक्षा जास्त जोरात पोचतात. आणि आतल्या ज्या केसासारख्या पेशी आवाज पकडतात त्या प्रत्येक कानात जन्मतःच साधारण १५ हजार मिळतात, मेल्या की परत येत नाहीत. आपल्याला कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजली तर आपण सांगतो तरी, बाळ काय सांगणार.

म्हणून फोनवर साउंड मीटरचं ॲप टाका, फुकट मिळतात. फोन काही प्रयोगशाळेतलं यंत्र नाही पण इथे किती आणि तिथे किती एवढं कळतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. एक लक्षात ठेवा, अशी ॲप बहुतेक वेळा आपल्या कानाला जुळेल असा आकडा दाखवतात आणि त्यात बास, म्हणजे खालच्या पट्टीचा घुमणारा आवाज, कमी धरला जातो, त्यामुळे आकडा ठीक दिसतोय पण छातीत धमधम होतंय असं असेल तर आकड्यावर जाऊ नका. फोन नसेल तर साधी टेस्ट, हातभर लांबच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर जागा बदला.

कुठे बसायचं

पहिल्या वेळी मैदानावर मी ॲप चालू करून स्टेजच्या समोरून मागे चालत गेले, मुलगी तेव्हा बाबांकडे गेटजवळ होती. स्टेजपासून पंचवीसेक पावलांवर ९६-९७ येत होतं, आणि शंभरेक पावलांवर, जिथे लोक सतरंज्या टाकून बसले होते, तिथे ८५-८६. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की छोट्या स्पीकरचा आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, मोठ्या कार्यक्रमात उंच टांगलेल्या स्पीकरच्या रांगा असतात त्यांचा इतका पटकन पडत नाही, म्हणून मला मिळालेला फरक थोडा कमीच होता. तरी बघा, नुसतं मागे चालत गेल्याने १९ मिनिटांचे जवळपास ४ तास झाले, एक पैसा खर्च न करता.

पण मागे म्हणजे कुठेही मागे नाही. मोठ्या मैदानावर मध्येच खांबांवर जादा स्पीकर लावलेले असतात, मागच्या लोकांना नीट ऐकू यावं म्हणून, त्यांच्या खाली जाऊन बसलात तर स्टेजपाशी बसल्यासारखंच. दुसरं म्हणजे बासचे स्पीकर बहुधा स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला जमिनीवर असतात आणि दोघांचा बास बरोबर मधल्या रेषेत एकमेकांत मिळून सगळ्यात जास्त होतो. त्यामुळे फोटोला छान दिसणारी ती मधोमधची जागा सोडा, थोडं एका बाजूला सरका.

बंद हॉलमध्ये हे गणित चालत नाही. भिंतींवरून आवाज परत येतो, एका अंतरानंतर तुम्ही कितीही मागे गेलात तरी आकडा फारसा हलत नाही, आणि अगदी मागच्या भिंतीला टेकून किंवा कोपऱ्यात बसलात तर बास उलट वाढतो. म्हणून हॉलमध्ये मी जागा आवाजावरून निवडतच नाही, दरवाजावरून निवडते. रांगेच्या कडेची खुर्ची, दरवाजाच्या सगळ्यात जवळची, आणि आत बसायचा वेळ कमी. लॉबीत दरवाजा बंद असताना जे गाणं ऐकू येतं ना, ते बाळासाठी छान असतं, आम्ही एक अख्खा इंटरव्हलनंतरचा भाग तसाच लॉबीत फेऱ्या मारत ऐकलाय.

उभं राहायचा भाग असेल, म्हणजे स्टेजसमोरची गर्दी, तिथे बाळ घेऊन एक मिनिट पण नाही, कितीही इअरमफ असू देत. धक्का लागून तुम्ही पडलात तर बाळ तुमच्या खाली असणार.

इअरमफ

सगळे हेडफोन म्हणतात पण यात गाणी वाजत नाहीत, आवाज अडवणारे कप असतात नुसते. ब्लूटूथवाले नकोत. कानात घालायचे बोळे तर बाळाला अजिबात नकोत, नळी इतकी लहान की नीट बसत नाहीत, आणि निघाले की थेट तोंडात. कापसाचा बोळा पण नाही, त्याने आवाज जवळपास अडतच नाही.

लहान बाळासाठी कापडी इलॅस्टिकचा पट्टा असलेले घ्या, कडक प्लास्टिकची कमान टाळूवर दाबते. कपाची गादी कानाच्या सगळीकडून चिकटली पाहिजे, आत टोपीची कड, केसांची बट, कानातलं काहीही आलं की फट पडते आणि फटीतून सगळा आवाज आत. पाकिटावर एनआरआर (नॉइज रिडक्शन रेटिंग, म्हणजे आवाज किती अडतो त्याचा आकडा) लिहिलेला असतो, समजा २२. लोक समजतात आवाज २२ डेसिबलने कमी झाला. तसं नसतं, तो आकडा प्रयोगशाळेत अगदी नीट घातल्यावरचा आहे. अमेरिकेत कारखान्यांसाठी जो सावध हिशोब करतात त्यात त्या आकड्यातून ७ वजा करतात आणि उरलेल्याचं निम्मं धरतात, म्हणजे २२ चे राहिले साडेसात. ९६ च्या जागी बसलेल्या बाळाच्या कानात मग ८८ च्या वर जातंच, आणि आठवड्याचा कोटा पावणेदोन तासांत संपतो. म्हणून इअरमफ हे मागे बसण्याच्या ऐवजी नाहीत, मागे बसून वर इअरमफ. बास तर त्यांनी फारसा अडतच नाही.

आता घालायचे कसे. हा भाग आम्ही सगळ्यात वाईट केला. पहिल्यांदा थेट मैदानावर काढून डोक्यावर चढवले आणि तिने असा आकांत मांडला की शेजारची बाई उठून विचारायला आली. नंतर दोन आठवडे घरी सराव केला, रोज थोडा. आधी मी घालून तिच्यासमोर बसले, मग तिच्या हातात दिले, चावू दिले, मग ती खेळण्यात गुंग असताना मागून हळूच पाच सेकंद, मग तीस, मग जेवण संपेपर्यंत. समोरून आणू नका, हात येताना दिसला की ती मान फिरवायची. आणि मैदानावर जायच्या वेळी गेटच्या बाहेरच घाला, आवाज सुरू व्हायच्या आधी, म्हणजे आवाज आणि इअरमफ दोन्ही नवीन गोष्टी एकदम अंगावर येत नाहीत. काढले तर दोनदा परत घाला. तिसऱ्यांदा काढले तर बाळ नाही म्हणतंय, बाहेर पडा.

दर अर्ध्या-पाऊण तासाने शांत जागी जाऊन पाच-दहा मिनिटं काढून ठेवा, खाली कान घामाने लालबुंद झालेले असतात. आडवं झोपवायचं असेल तर त्याआधी काढा, म्हणजेच आवाजात आडवं झोपवायचं नाही.

अंगावर पाजताना एक भानगड होते ती कोणी आधी सांगत नाही. बाळ आडवं घेतलं की खालच्या बाजूचा कप तुमच्या दंडाला दाबून सरकतो, एक कान उघडा पडतो आणि आपल्याला दिसत पण नाही कारण तो खाली असतो. म्हणून दूध बाहेर, शांत जागी, आत नाही.

कॅरिअर, बाबागाडी, ऊन, धूर

गर्दीत बाबागाडी नको, बाळ लोकांच्या गुडघ्यांच्या उंचीवर येतं आणि बाहेर पडताना ती तुम्हालाच आडवी येते. कॅरिअर, तोंड तुमच्याकडे. हनुवटी छातीला टेकलेली नको, मध्ये दोन बोटं जातील एवढी जागा, आणि मान खाली केली की तुम्हाला चेहरा दिसला पाहिजे. तुमच्या अंगाची पण उष्णता त्याला लागते म्हणून एक कपडा कमीच घाला, आणि हात-पाय गार लागले तरी घाबरू नका, मानेमागे हात लावून बघा, तिथे घाम असेल तर गरम होतंय. लख्ख दिवे चमकायला लागले की त्याचं तोंड आपोआप तुमच्या छातीत असतं, हा अजून एक फायदा.

सहा महिन्यांच्या आतलं असेल तर सनस्क्रीनच्या भरवशावर उन्हात बसू नका, त्या वयात सावलीच हवी, आणि तहान लागली म्हणून पाणी नाही, दूधच. बाबागाडीवर दुपटं टाकून सावली करू नका, आत भट्टी होते. स्टेजवरचा धूर पुढच्या रांगांत दाट असतो, बाळाची छाती वाजत असेल तर त्या आठवड्यात राहू दे.

बॅग छोटी ठेवा. दोन डायपर, ओले वाइप्स, एक जोड कपडे बाळाला आणि एक टीशर्ट तुम्हाला, तुमचा लोक विसरतात आणि मग उलटीच्या वासात परत येतात. चावायला एखादं आवाज न करणारं खेळणं. बाकी घर घरीच राहू दे.

बाळाबरोबर मोठी माणसं दोन हवीत, एकट्याने नाही. ज्याच्याकडे बाळ तो पिणार नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगते.

आत गेल्यावर कॉन्सर्ट नाही, बाळ बघायचं

वेळ तुमच्या कलाकाराची धरू नका, बाळाच्या झोपेची धरा. झोप होऊन उठलंय, दूध पिऊन ढेकर काढलाय, तिथून पुढचा तास-सव्वा तास आपला. बऱ्याचदा आधी दुसरा छोटा बँड असतो आणि मुख्य मंडळी खूप उशिरा येतात, आवाज पण मुख्य मंडळींचाच जास्त असतो. आमचा अनुभव म्हणजे पहिला बँड पूर्ण आणि मुख्य बँडची तीन-चार गाणी, एवढं पदरात पडतं.

रडणं हा शेवटचा निरोप असतो, त्याआधी बाळ बरंच काही सांगून झालेलं असतं. तोंड फिरवतं, कान चोळतं, पाठ ताठ करून मागे रेलतं, उचक्या लागतात, बोटं फाकतात. आणि एक फसवं लक्षण, बाळ एकदम गप्प होऊन डोळे मोठे करून थिजल्यासारखं बसतं. आम्हाला वाटलं बघा कशी रमलीय, फोटो पण काढले. आता ते फोटो बघते तेव्हा कळतं की पोर घाबरलेली होती. रमलेलं बाळ हलतं, हात-पाय मारतं, तुमच्याकडे बघून हसतं.

झोपलं म्हणजे त्याला आवाज चालतोय असंही नाही. डोळे मिटतात तसे कान मिटत नाहीत, आणि खूप झालं की बाळं झोपूनच सुटका करून घेतात. झोपलं तर इअरमफ बोटाने चाचपा, सरकलेत का, आणि ॲप बघा. आकडा ८५ च्या वर असेल तर झोपलेल्या बाळाला घेऊन बाहेर चला, हो मला माहितेय अगदी आवडतं गाणं तेव्हाच लागतं.

निघताना

शेवटच्या दोन गाण्यांच्या आधी उठा, म्हणजे सगळी गर्दी एकदम दरवाजात येते त्यात अडकणार नाही. राहिलातच तर मग उलटं करा, वीस मिनिटं जागेवर बसून राहा आणि गर्दी ओसरू द्या. इअरमफ गेटच्या बाहेर आल्यावरच काढा, आणि गाडीत गाणी लावू नका, कानांना आता शांतता हवीय.

दुसरा दिवस घरात टीव्ही-मिक्सर जरा कमी. दोन-तीन दिवसांत बाळ हाकेला, खुळखुळ्याला नेहमीसारखं वळत नाहीये असं वाटलं, किंवा कान सारखा ओढतंय, तर बघू पुढच्या आठवड्यात असं न करता डॉक्टरांना दाखवा. आणि इअरमफचे कप ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, नळाखाली धरू नका, आतला फोम भिजला की गादी नीट चिकटत नाही. आमचा पहिला जोड मी असाच धुऊन घालवला.